एक सूत खाली

“साहेब, इथे सही करा. टीव्ही पडला तर कंपनीची जबाबदारी नाही.”

टीव्ही अजून पुरता खोक्याबाहेरही आला नव्हता आणि त्याचा पंचनामा माझ्यासमोर तयार होता. जाहिरातीत ‘फ्री इन्स्टॉलेशन’ असं ठळक छापलं होतं. त्यात फ्री फक्त माणूस येतो, हे इंजिनिअर दारात आल्यावर कळतं. त्याच्या पिशवीतला स्टँड फ्री नसतो.

स्टँड तर मी अभ्यास करून आधीच आणला होता. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. त्याला व्हेसा म्हणतात. आमच्या 43 इंचीचं 200 बाय 200. स्टँडवर तोच आकडा हवा आणि स्टँडने टीव्हीच्या वजनाहून बरंच जास्त वजन पेलायला हवं. सगळं जुळत होतं. इंजिनिअरने तो एका बोटाने हलवला, “लोकल आहे” म्हणाला आणि पिशवीतून स्वतःचा काढला. तो हुबेहूब तसाच होता, फक्त किंमत तिप्पट. मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला आणि सहीचा कागद बाहेर आला.

खरं भांडण त्यापुढे झालं. बायकोला हात बाहेर येणारा, फिरणारा स्टँड हवा होता, म्हणजे स्वयंपाकघरातूनही मालिका दिसेल. आता फिक्स स्टँड भिंतीला चिकटून बसतो, त्यामुळे वजन सरळ खाली जातं. हात बाहेर ओढला की तेच आठ-नऊ किलो वरचे स्क्रू भिंतीतून उपटायला बघतात. हे मी कागदावर बाण काढून समजावलं. “म्हणजे तुला फिरणारा आणायचा नाहीये,” ती म्हणाली.

एवढ्यात इंजिनिअरने ड्रिल हॅमरवर टाकलं आणि पहिलं भोक पाडायला घेतलं. ड्रिल खारीत बोट जावं तसं आत गेलं. पांढरी पूड सोफ्यावर, टीपॉयवर आणि माझ्या चहात पडली. स्क्रू पकडणारी गिट्टी घातली तर ती भोकात गरगर फिरायला लागली.

“सिपोरेक्स आहे,” तो म्हणाला. “यात काही टिकत नाही. सही केलीत ना?”

फ्लॅट घेताना गॅस पाइपलाइन, क्लबहाउस, योगा डेक, सगळ्याची माहिती मिळाली होती. आतल्या भिंती चार इंची हलक्या ब्लॉकच्या आहेत, हे कोणी बोललं नाही. सँपल फ्लॅटमध्ये तर चांगला 65 इंची टीव्ही भिंतीवर होता. तो कशाच्या आधारावर होता ते बिल्डरलाच ठाऊक. आयुष्यभराचा हप्ता भरायचा आणि खिळा ठोकायची चोरी!

“कोण ठोकतंय?”

दारात नाना. तिसऱ्या मजल्यावरचे, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त. बिल्डिंगमध्ये ड्रिलचा आवाज झाला की नाना लेंग्यावर शर्ट चढवून त्या मजल्यावर हजर होतात. त्यांनी भोकात करंगळी घातली आणि बाहेर काढून वास घेतला.

“हॅमर लावला होतास?” त्यांनी इंजिनिअरला विचारलं. “गाव कुठलं तुझं?”

“औसा.”

“औशाचा? मग किल्लारी माहितीये ना?”

“आमच्याच तालुक्यात आहे की. भूकंप झाला तेव्हा मी नव्हतो जन्माला.”

“मी होतो,” नाना म्हणाले. “30 सप्टेंबर 1993. पहाटे चारच्या आत. दगडमातीच्या जाड भिंती, लोक झोपेत. आम्हाला लगेच तिकडे धाडलं. भिंत काय करू शकते ते मला कोणी सांगू नये.”

घर एकदम गप्प झालं. माझ्या 43 इंचीचं काय होणार, हे विचारायचीही मला लाज वाटली. मग नानांनीच खिशातून किल्ली काढली, भिंतीला कान लावला आणि आम्हाला पंखा बंद करायला सांगितलं. टक. टक. “पोकळ.” टक. “इथे जोड आहे.” टक. “हं, हिला धर.” पेन्सिलीच्या फुल्यांनी भिंत भरून गेली. इंजिनिअर घामाघूम होऊन पट्टी धरून उभा. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी 2 ते 4 ड्रिल बंद. पावणेदोन झाले होते आणि नाना चहा मागत होते.

“हॅमर बंद. नुसतं फिरवून भोक. आणि हे लोखंडी फास्टनर ठेवून दे, ते फुगले की ब्लॉक फुटतो. लांब नायलॉनची गिट्टी आण.” मग चहाचा घोट घेऊन माझ्याकडे वळले. “रावळ प्लग म्हणतो ना आपण, तो रॉलिंग्ज नावाच्या इंग्रजाचा. 1911 च्या सुमाराचा. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती खराब न करता वायरिंग करायचं होतं. तेव्हा ज्यूटचा असायचा, जनावराच्या रक्तात चिकटवलेला.”

“रक्त?” आतून आई बाहेर आली. “माझं देवघर आहे त्या भिंतीला!”

आता नायलॉनच असतं, हे तिला पटवण्यात पावणेदोनचे दोनला पाच कमी झाले. गिट्ट्या हार्डवेअरवाल्याकडून मीच धावत जाऊन आणल्या होत्या, त्याचे पैसे अर्थात मीच दिले, आणि माझ्याच घरात “जरा बाजूला व्हा” हे मला दोघांनीही ऐकवलं. शेवटचा स्क्रू घट्ट झाला, टीव्ही चढला. इंजिनिअरने लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मधोमध.

नानांनी एक डोळा मिटला.

“डावीकडे एक सूत खाली आहे.”

“लेव्हल बरोबर दाखवतेय, काका.”

“मग यांची फरशी उताराला असेल.”

इंजिनिअर निघाला. जाताना मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला आणि “पाचपैकी पाच स्टार द्या” म्हणाला. पहिलं फुकट गेलेलं भोक टीव्हीच्या मागे झाकेल असं तो म्हणाला होता. ते स्क्रीनच्या वर चार बोटं आहे, सगळ्यांना दिसतं.

इतक्यात बेल वाजली. पलीकडच्या फ्लॅटमधल्या वहिनी, नुकत्याच बाजारातून आलेल्या, हातात पिशव्या तशाच.

“तुमच्याकडे काय चाललंय? आमचे अप्पा पडले!”

माझ्या पोटात गोळा. अप्पांना जाऊन चार वर्षं झाली हे आठवायला मला जरा वेळ लागला. फोटो, चंदनाच्या हारासकट. याच भिंतीच्या त्या अंगाला.

“काच फुटली?” नानांनी विचारलं.

“फुटली ना!”

नानांनी किल्ली पुन्हा खिशातून काढली आणि चपला घालता घालता मला म्हणाले, “दोन गिट्ट्या उरल्यात ना? दे इकडे. आणि काचेचे पैसे तू देऊन टाक, उगाच वाद नको.”