माइक पुढे आला आणि त्याने मोबाइल पुढे केला

परवाच्या हार्डकोर (पंकचाच अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) शोमध्ये जे घडले त्याचा संताप अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. शेवटून दुसरे गाणे चालू होते. ब्रेकडाउनच्या, म्हणजे लय एकदम संथ आणि जड होते त्या भागाच्या, आधी गिटार थांबतात, ड्रमर काठ्या वर धरतो, नुसती फीडबॅकची शीळ उरते आणि मग ती एक ओळ येते, जी गायक शोमध्ये कधीच म्हणत नाही, कारण ती ओळ आपली, ऐकणाऱ्यांची असते. गायकाने स्टेजवरून बॅरिकेडवर उडी घेतली, एका हाताने वरचा लोखंडी नळ धरला आणि दुसऱ्या हाताने माइक थेट पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाशी नेला. त्या माणसाने काय करावे? त्याने मोबाइल आणखी पुढे केला. ओठ हलले नाहीत, मानसुद्धा हलली नाही. माइकच्या जाळीपासून वीतभर अंतरावर मोबाइल धरून तो त्या माइकचे चित्रीकरण करत राहिला, आणि अख्ख्या सभागृहाचा आवाज जिथून घुमायला हवा होता त्या स्पीकरमधून काहीही आले नाही.

मागे आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. मी तिसऱ्या रांगेत होते, दोन डोकी ओलांडून हात लांबवला होता, माइकची तार माझ्या बोटांना लागत होती. तेवढ्यात बॅरिकेडच्या पलीकडच्या सिक्युरिटीवाल्याने माझे मनगट पकडून खाली ढकलले. ओळ संपली, ड्रम कोसळले, ब्रेकडाउन सुरू झाला आणि माझ्या पाठीमागे पिट, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचा घोळका, फुटला. पुढच्या महाशयांनी मात्र मान खाली घातली आणि आत्ताच टिपलेली क्लिप नीट आली आहे की नाही हे पाहण्यासाठी ती पहिल्यापासून लावून बघितली. बँड त्याच्यासमोर चार हातांवर वाजवत असताना तो माणूस त्याच बँडचा अर्ध्या मिनिटापूर्वीचा व्हिडिओ पाहत होता! त्या स्क्रीनचा पांढरा उजेड त्याच्या हनुवटीवर पडलेला मला स्पष्ट दिसत होता आणि डोक्यात अशी तिडीक गेली की पुढचे गाणे कोणते वाजले हे मला आजही सांगता येणार नाही.

हा माणूस तिथे पोहोचला कसा, याचे उत्तर त्याच्या गळ्यात लटकत होते. व्हीआयपी पास. दरवाजे उघडण्याच्या तासभर आधी आत प्रवेश, बँडबरोबर एक फोटो, एक पोस्टर आणि बॅरिकेडला टेकून उभे राहण्याचा हक्क. पहिल्या रांगेतली बहुतेक माणसे अशाच पट्ट्या गळ्यात घालून उभी होती, आणि ज्यांना त्या गाण्यांचा शब्द न् शब्द पाठ आहे ती मुले दुपारपासून रांगेत उभी राहूनही चौथ्या-पाचव्या रांगेत अडकली होती. हार्डकोर शोमध्ये व्हीआयपी असू शकतो ही कल्पनाच मला सहन होत नाही. ज्या संगीतात गायक आणि ऐकणारा यांच्यात फरक ठेवायचा नाही हाच सगळा आग्रह होता, तिथे पहिली रांग विकायला काढणाऱ्याने निदान आपण हार्डकोर शो भरवतो असे तरी म्हणू नये.

आणि ते बॅरिकेड तरी कशासाठी होते? स्टेज गुडघ्याएवढे उंच, सभागृहात काही शे माणसे, आणि मध्ये दोन धष्टपुष्ट रक्षक व चार छायाचित्रकार आरामात फिरतील एवढी मोकळी जागा. मोठ्या मैदानांची गोष्ट वेगळी आहे आणि त्याबाबत मी वाद घालणार नाही. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅमचे वादन चालू असताना पुढच्या गर्दीत नऊ माणसे गुदमरून गेली. हजारो लोकांचा रेटा मागून येतो तेव्हा तो मध्येच तोडायला अडसर हवेतच, आणि जो आयोजक तिथे ते लावत नाही तो गुन्हेगार आहे. पण गुडघ्याएवढ्या स्टेजपुढे तोच लोखंडी सांगाडा आणून ठेवला की कोणाचा जीव वाचतो? परवा एक मुलगा लोकांच्या हातांवरून पुढे आला. बॅरिकेड नसते तर तो स्टेजवर पोहोचला असता, दोन शब्द माइकवर ओरडला असता आणि उलट्या पावली आमच्या हातांवर परत आला असता. त्याऐवजी तो त्या मधल्या खाचेत डोक्यावर पडला. रक्षकांनी त्याला कॉलर धरून उचलले आणि बाजूच्या दाराने थेट रस्त्यावर सोडले. त्याचा अर्धा सेट बुडाला, आणि त्याचा अपराध काय, तर हार्डकोर शोमध्ये जे करायचे असते ते त्याने केले.

शो संपल्यावर मी दारापाशी उभ्या असलेल्या आयोजकांच्या माणसाला विचारले. त्याने एका शब्दात उत्तर दिले, "विमा." मर्चच्या, म्हणजे बँडचे टी-शर्ट वगैरे विकण्याच्या, टेबलाशी बसलेल्या बासिस्टला विचारले, तर बॅरिकेड नको असे त्यांनी आधीच कळवले होते आणि सभागृहाने ते ऐकून घेतले नव्हते. म्हणजे वाजवणाऱ्यांना ते नको, ऐकणाऱ्यांना नको, आणि तरीही ते तिथे होते.

लहान जागा सुरक्षित ठेवता येतात आणि त्यासाठी लोखंड लागत नाही, हे सिद्ध होऊन कितीतरी दशके झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमधले ९२४ गिलमन स्ट्रीट हे पंक सभागृह १९८६ च्या अखेरच्या रात्री सुरू झाले. ते स्वयंसेवक चालवतात, कोणत्याही वयाच्या माणसाला तिथे प्रवेश असतो, आणि वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगीद्वेष, दारू, अमली पदार्थ व हिंसा यांना थारा नाही असे नियम तिथे लिहून ठेवलेले आहेत. पंक बँड ग्रीन डे तिथूनच वर आले, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केल्यावर त्याच गिलमनने त्यांना वाजवायला बंदी केली. तो निर्णय योग्य होता की अयोग्य यावर आपण वर्षानुवर्षे भांडत आलो आहोत, पण त्या मंडळींना आपण कोण आहोत हे ठाऊक होते यात शंका नाही. आजच्या आयोजकांना केवळ पहिल्या रांगेचा दर ठाऊक आहे.

दराचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेते. फुगाझी या बँडने मोठे नाव झाल्यावरही प्रवेशाचा दर पाच डॉलरच्या आसपास ठेवला, सर्व वयांच्या लोकांना येता येईल अशाच जागी वाजवण्याचा आग्रह धरला, आणि पिटमध्ये कोणी मारामारी करू लागला तर त्यांचा गायक इयन मकाय गाणे थांबवून त्याला पैसे परत देऊन बाहेर काढत असे. आज मी तिकीट काढायला बसते तेव्हा एक आकडा दिसतो, पैसे भरण्याच्या पानावर पोहोचेपर्यंत त्यात सेवा शुल्क मिळते, मग प्रक्रिया शुल्क, मग सभागृहाचे सुविधा शुल्क, आणि घरच्या प्रिंटरवर मी स्वतः छापणार असलेल्या कागदाचेही शुल्क. पॉप पंकमध्ये, म्हणजे पंकच्या गोड चालींच्या भावंडात, तर कहरच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लिंक-१८२ या बँडच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याची तिकिटे विक्रीला आली आणि मागणी वाढेल तसा दर वाढवण्याच्या पद्धतीमुळे चाहत्यांसमोर शेकडो डॉलरचे आकडे उभे राहिले. गॅरेजमध्ये तीन कॉर्ड वाजवणाऱ्या पोरांची गाणी ऐकायला, त्याच गॅरेजातल्या पोरांना परवडणार नाही असा दर! वॉर्प्ट टूर या फिरत्या पंक महोत्सवातही प्रायोजकांचे फलक कमी नव्हते आणि त्यांचा मला तेव्हाही राग येत असे, पण १९९५ पासून उन्हातान्हात गावोगाव फिरणाऱ्या त्या तंबूत एका तिकिटावर दिवसभर बँड ऐकायला मिळत. कोण किती वाजता वाजवणार हे त्या दिवशी सकाळीच कळत असल्यामुळे प्रत्येक जण लवकर येत असे आणि ज्यांचे नावही ऐकले नव्हते अशा बँडपुढे उभा राहत असे.

आता तसे कोणी उभे राहत नाही. परवा ओपनर म्हणून आलेल्या चार मुली जीव तोडून वाजवत होत्या, पंचवीस मिनिटांत दहा गाणी, मध्ये एकही फालतू वाक्य नाही, आणि बारपाशी उभे असलेले टोळके त्यांच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारत होते. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी बाहेर जावे, बाहेरची जागा फुकट आहे. मुख्य बँडसुद्धा कधीतरी कोणाच्या तरी आधी पंचवीस मिनिटेच वाजवत होता हे यांच्या गावीही नसते.

पाठीवर भरलेली बॅग घेऊन पिटमध्ये शिरणाऱ्यांबद्दल मी एकच वाक्य लिहिते: सामान ठेवण्याची खोली असताना जो माणूस पाठीवर लॅपटॉप घेऊन सर्कल पिटमध्ये धावतो, त्याच्या बॅगेचे बक्कल ज्यांच्या दातांवर आदळते त्यांच्याविषयी त्याला काडीचीही आस्था नाही.

खरा विषारी प्रकार मात्र क्राउड किलर. मी पिटविरुद्ध बोलत नाही, माझी अर्धी हयात पिटमध्ये गेली आहे. खाली पडलेल्याला त्याच क्षणी चार हात उचलतात, कोणाचा चष्मा किंवा बूट सापडला तर तो उंच धरून मालक मिळेपर्यंत कोणीतरी उभा राहतो, आणि इतके अनोळखी लोक इतक्या जोरात एकमेकांवर आदळूनही एकमेकांना जपतात असे मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. पण पिटच्या कडेला शांत उभ्या असलेल्या लोकांवर मुद्दाम धावून जाणारा, ज्याने नाचायला यायचे ठरवलेलेच नाही त्याच्या तोंडावर कोपर आणि फिरती लाथ मारणारा माणूस नाचत नसतो, तो मारत असतो. परवा अशाच एकाने माझ्या शेजारच्या लहानखुऱ्या मुलीच्या कानशिलावर मनगट आदळले आणि वळून पाहिलेही नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला बाहेर नेईपर्यंत दोन गाणी संपली, आणि माझे मनगट पकडायला इतका तत्पर असलेला रक्षक तेव्हा कुठे होता हे विचारण्याची सोय नाही, कारण सगळे रक्षक त्या बॅरिकेडमागे स्टेजचे रक्षण करत होते. अशा हाणामारीने आपल्या जागा यापूर्वीही गमावल्या आहेत. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमधल्या रविवारच्या हार्डकोर मॅटिनी (दुपारचे शो) हिंसेपायीच बंद पडल्या, आणि १९९० मध्ये तिथल्याच एबीसी नो रिओ या कलाकेंद्राने शनिवारच्या मॅटिनी सुरू केल्या त्या द्वेष पसरवणाऱ्या बँडना दार बंद ठेवूनच. बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना हिला १९९० च्या दशकात प्रत्येक शोमध्ये मुलींना पुढे बोलवावे लागत असे. इतकी वर्षे लोटली तरी माझ्या शेजारच्या मुलीला पुढून मागे आणि मागून भिंतीपर्यंतच जावे लागते, आणि "जमत नसेल तर मागे उभी राहा" हे ऐकवणारे अजून भेटतात. तिने मागे का जावे? त्याला बाहेर काढा.

आवाजाची तक्रार करताना लोक मला वेड्यात काढतात, हार्डकोर मोठ्यानेच वाजणार म्हणतात. मला मोठाच आवाज हवा आहे, मी इअरप्लग घालून जाते, कारण शंभर डेसिबलला कान उघडे ठेवण्याची सुरक्षित मर्यादा जेमतेम १५ मिनिटांची आहे आणि मला आणखी तीस वर्षे शो ऐकायचे आहेत. पण परवा बास ड्रम छातीत घुसत होता आणि दुसरी गिटार अस्तित्वातच नव्हती. मिक्सिंगच्या टेबलामागचा गृहस्थ मान खाली घालून मोबाइलवर बोटे फिरवत होता. तिथेही मोबाइल!

मर्चच्या टेबलावर बँडने हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: टी-शर्टच्या किमतीतला मोठा वाटा सभागृह घेते, म्हणून दर वाढवावा लागला, क्षमस्व. व्हॅनमध्ये झोपून गावोगाव फिरणाऱ्या बँडचे पेट्रोल त्या टी-शर्टवर चालते. ज्या सभागृहाने त्या शर्टाचा एक धागाही विणलेला नाही, ते तिकिटावर कमावते, बारवर कमावते, पहिल्या रांगेवर कमावते आणि वर शर्टावरही हात मारते, आणि क्षमा मागते कोण, तर बँड.

मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. लहान सभागृहातले बॅरिकेड काढा, ते जमत नसेल तर निदान पहिली रांग विकू नका, रक्षकांना स्टेजपुढून हलवून पिटच्या कडेला उभे करा आणि लोकांना मारणाऱ्याला बाहेर काढा, मर्चमधला वाटा सोडा. दोन ओळींचे उत्तर आले. माझा अभिप्राय संबंधितांपर्यंत पोहोचवण्यात आला आहे, असे त्यात लिहिले होते, आणि खाली पुढच्या शोच्या व्हीआयपी तिकिटांची जाहिरात होती. मी तेच पत्र पुन्हा पाठवले आहे, या वेळी बँडलाही प्रत जोडून, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत ते पाठवत राहणार आहे.