जंगलात तरी गप्प बसा!

उत्तर भारताची सहल काढली की दर वेळी हेच. आग्र्याला ताजमहाल, भरतपूरला पक्षी, मग रणथंभोरचं वाघांचं जंगल. आणि रणथंभोरच्या वीस जणांच्या कँटरमध्ये, म्हणजे उघड्या सफारी बसमध्ये, बसलं की गाडी फाटकातून आत जाते न जाते तोच प्रश्न सुरू होतो, "वाघ कुठाय?" पाठोपाठ वेफर्सच्या पुड्यांची कुरकुर, मोबाईलवर गाणी, पोरांना दिलेल्या हाका.

अरे, वाघ शोधायचा तो कानांनी! वाघाची चाहूल लागली की सांबर 'ढाँक' करून ओरडतं, चितळ शीळ घातल्यासारखं ओरडतं, झाडावरचं वानर खाकरतं, त्यावरून गाइड अंदाज बांधतो. तो बिचारा हात जोडून सांगतो, "शांत राहिए", आणि मागच्या बाकावरून हशा. कसं ऐकू येणार त्याला?

या वेळी राजबाग तलावात सांबरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून शेवाळ खात होती. काठावर मगर पहुडलेली. माझी लेक श्वास रोखून बघत होती. तर एक काका ड्रायव्हरवर खेकसले, "हरणांसाठी काय थांबलात? पुढे घ्या!" गाडी हलली. लेकीचा चेहरा एवढासा झाला. फार राग आला मला.

शेवटी याच मंडळींनी टकाचोर नावाच्या एका पक्ष्याला बिस्किट भरवून फोटो काढले. वन्य प्राण्यांना खायला घालू नये, हे फाटकावर सांगितलं होतं ना? साडेतीन तास तोंड मिटून बसणं इतकं जड जातं का हो माणसाला?