खुलासा: टायरवर नुसतं 'एम+एस' असून भागत नाही

जर्मनीतल्या आपल्या मराठी ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'टायरवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असलं की हिवाळ्यात चालतं, जुना सेट स्वस्तात उचला.'

हे आता खरं नाही. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या अशा टायरना सवलत होती, ती ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. वाहनांच्या मंजुरी नियमावलीच्या (StVZO) कलम ३६ मध्येच हे दिलंय. आता रस्त्यावर बर्फ किंवा घसरण असेल तर टायरवर तीन शिखरं आणि त्यांत हिमकण हे चिन्ह लागतंच. नसेल तर किमान ६० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक पॉइंट (दंडगुण).

एका मित्राने हाच मेसेज वाचून सेट आणला. पार्किंगमध्ये टॉर्च धरून आम्ही टायरची बाजू पाहिली. टायर कधी बनला ते सांगणाऱ्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे ३८१६, म्हणजे २०१६ चा ३८ वा आठवडा. एम+एस ठळक, शिखरांचं चिन्ह कुठेच नाही. पैसे पाण्यात गेले, फार वाईट वाटलं.

बजेट कमी असेल तर हे चिन्ह असलेले ऑल-सीझन टायरही कायद्याने चालतात. शहरातच गाडी फिरवणाऱ्यांना मी तेच सुचवेन, वर्षातून दोनदा बदलायचा खर्च वाचतो. जुने घेताना २ युरोचं नाणं खाचेत उभं धरा. बाहेरची चंदेरी कड, म्हणजे साधारण ४ मिमी, पूर्ण बुडायला हवी. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी बर्फात तेवढ्यावर विसंबू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.