खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं असं नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गजकर्ण रक्तातल्या उष्णतेने होतं. मेडिकलमधून मिक्स ट्यूब आणा. खाज थांबली की ट्यूब बंद करा. घरच्यांना काही करायची गरज नाही.’ चारही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी सगळ्यात घातक.

‘रक्तातली उष्णता’: गजकर्ण बुरशीने होतं. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते, रक्तात उतरत नाही. म्हणून रक्तशुद्धीच्या काढ्यांनी ती हटत नाही. मागावर दिवसभर घामाने भिजलेली चड्डी अंगावर राहिली की तिला हवी ती ऊब आणि ओल मिळते.

‘मिक्स ट्यूब’: म्हणजे बुरशीनाशकात स्टेरॉइड मिसळलेलं मलम. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. त्याने दाह दबतो, म्हणून खाज दोन दिवसांत थांबते. पण बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही दबते आणि चट्टा आतल्या आत पसरत राहतो. खऱ्या गजकर्णाची कड उठलेली, लालसर, कोंडा सुटलेली असते आणि मधली कातडी साफ. ट्यूब लावत राहिलं की ती कड पुसट होते, चट्ट्यात दुसरा चट्टा उठतो आणि जांघेत कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा पडतात. मग नुसतं बघून निदान अवघड होतं. कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून पाहावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले की बुरशी नक्की. दुकानातून परस्पर ट्यूब आणू नका, एवढी कळकळीची विनंती.

‘खाज थांबली की बंद’: साधं बुरशीनाशक मलम कडेच्या बाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही 2 आठवडे चालू ठेवायचं. तर्जनीच्या वरच्या पेराएवढं, म्हणजे अर्धा ग्रॅम मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टे पसरले असतील तर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. भारतात पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन हे बुरशीनाशक अनेकदा चालत नाही, म्हणून इट्राकोनॅझॉल हे दुसरं औषध देतात. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर औषध अंगी लागत नाही. हृदय कमकुवत असेल तर ते आधी सांगा.

‘घरच्यांना गरज नाही’: चट्टे असलेल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी हवेत, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. टॉवेलच्या गावात तरी प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. नळाला रोज पाणी येत नाही, मान्य. पण निदान चड्डी, बनियन आणि टॉवेल वेगळ्या बादलीत 60 अंशांच्या पाण्यात भिजवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. कमरेचा करदोटा उपचाराच्या पहिल्याच दिवशी कापून टाका. घामाने ओला दोरा कमरेला तसाच राहिला तर चट्टा पुन्हा तिथेच उठतो.