खुलासा: रस्त्यावर वजन आपटणारी ती गाडी

ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय: 'नवं टेंडर काढायला ट्रेलरमधून वजन आपटून चांगला डांबरी रस्ता फोडतायत.' तसं नाहीये. ही रस्त्याची ताकद मोजायची चाचणी आहे, मी स्वतः ती करत आलोय. 300 मिलिमीटर व्यासाच्या गोल प्लेटवर साधारण 40 किलोन्यूटनचा, म्हणजे भरलेल्या ट्रकच्या एका बाजूच्या जोडचाकाएवढा दणका पापणी लवायच्या आत बसतो. रस्ता किती दबला ते सेन्सर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) टिपतात. त्यावरून डांबर, खडी, माती या थरांची अवस्था कळते आणि वर किती जाड थर लागेल ते ठरतं. पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) 115-2014 या मार्गदर्शिकेत आहे. प्लेट उचलली की धुळीत फक्त गोल ठसा उरतो. आवाज मात्र दचकवणारा, शंका येणारच. टेंडरबद्दल जरूर विचारा, पण हा व्हिडिओ पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हेही टाका.