धोंड्याचा जावई

अधिक महिना आला की जावयाला काय भाव येतो, हे आमच्या कराडकडच्या माणसांना सांगायला नको. एरवी "आलात? बसा" एवढ्यावर ज्याची बोळवण होते, त्याला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, तेहतीस अनारसे आणि निघताना हातात चांदीचं काहीतरी. महिना सरला की जावई पुन्हा बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसलेला.

आमच्याकडे हा महिना दर चार वर्षांनी येतो. मी पेनसिल्वेनियात राहतो, बक्स काउंटीत. हे लिहितोय ते ४ नोव्हेंबर २०२४ ला, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी. या निवडणुकीत मी सध्या धोंड्याचा जावई आहे.

ज्यांना इथलं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक मतं, एकूण ५३८, जिंकायला २७०. दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं. आमची आहेत १९. मावसभावाच्या कॅलिफोर्नियाची ५४, पण ती कुणाला जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्याच्या दारात उमेदवार येतात ते देणग्या गोळा करायला, आणि गोळा केलेल्या देणग्या खर्च करायला येतात माझ्या दारात. २०१६ मध्ये ट्रम्प इथे जेमतेम ४४ हजारांनी आले, २०२० मध्ये बायडन ८० हजारांनी. दोन्ही वेळा मतं पडली होती साठ लाखांच्या वर. मग मी जावई नाही तर कोण?

त्यातही माझी आणखी एक गोम आहे. इथे मतदार नोंदणी करताना आपण कुठल्या पक्षाचे तेही लिहिता येतं आणि ती यादी पक्षांना मिळते. बायकोने 'डेमोक्रॅट' लिहिलं. मी 'कोणताच नाही' लिहिलं, कारण त्या दिवशी घाई होती. या घाईची फळं मी गेले चार महिने भोगतोय. बायकोच्या नावाने एका बाजूची पत्रकं येतात, माझ्या नावाने दोन्ही बाजूंची. रोज सात-आठ. वहीएवढी मोठी, जाड, गुळगुळीत. एकावर डेमोक्रॅटांच्या कमला हॅरिस, म्हणजे आमच्या कमलाबाई, राक्षसिणीसारख्या, दुसऱ्यावर रिपब्लिकनांचे ट्रम्पतात्या राक्षसासारखे. दोघांचेही फोटो काळपट करून तोंड उघडं असताना धरलेले.

आई ऑगस्टपासून इथे आहे. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी चकल्या तळताना खाली घालायला तिला वर्तमानपत्र हवं होतं. ते आमच्या घरात येत नाही. मी पत्रकांचा गठ्ठा पुढे केला. पहिला घाणा त्यावर काढला आणि ती वैतागली. "तेल शोषत नाही मेलं. नुसतं वर तरंगतंय." एवढ्या मोठ्या प्रचारयंत्रणेचं इतक्या कमी शब्दांत परीक्षण मी कुठल्याच वाहिनीवर ऐकलेलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विशीतला एक मुलगा, कमलाबाईंचा प्रचारक, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. न्यू जर्सीहून बसने आलेला. त्याच्या राज्याचा निकाल ठरलेला, म्हणून मैतर-मैत्रिणींना घेऊन शनिवार-रविवार आमच्याकडे. मोबाइलवरच्या यादीतून माझं नाव वाचण्याचे त्याने तीन प्रामाणिक प्रयत्न केले, चौथ्याला मीच "हो, मीच तो" म्हणालो. पहिला प्रश्न : "तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता?" मी म्हणालो, "माझा भाचा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. एका देशाला सात टक्क्यांच्या वर मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची आहे. त्यावर तुमच्या बाई काय म्हणतात?" पोराने मोबाइल वर सरकवला, खाली सरकवला. गर्भपात होता, महागाई होती, लोकशाही होती. रांग नव्हती. आईने मागून चार चकल्या कागदात बांधून त्याच्या हातात दिल्या. एक तिथेच खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आणून "थँक्यू" म्हणाला. पाणी तिखटाचं होतं, पण ऑक्टोबरभर दारात कुणी उभं केलं नसेल तर तसंही येईल म्हणा.

दुसऱ्या बाजूकडेही माझ्या मुद्द्याचं उत्तर नाही. जूनमध्ये एका पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले होते की, इथल्या कॉलेजातून पदवी घेतलेल्या परदेशी मुलांना पदवीसोबतच ग्रीन कार्ड द्यावं. आमच्या व्हॉट्सॲप गटावर पेढे वाटायचेच बाकी होते. लगेच त्यांच्याच प्रचारकांनी त्याला इतक्या अटींची झालर लावली की मूळ कापड दिसेना. त्यानंतर कुत्री-मांजरं आली. सप्टेंबरात आमच्याच फिलाडेल्फियात दोघांचा वादविवाद झाला, त्यात या गृहस्थांनी जाहीर केलं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातायत. तिथल्या प्रशासनाने असं काही घडल्याचा पुरावा नाही म्हणून सांगितलं. पण गाणी निघाली, टीशर्ट निघाले. आरोग्य विम्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, माझ्याकडे योजनेची संकल्पना आहे. नऊ वर्षांत संकल्पनेपर्यंत पोचलेत, घाई कशाला?

आईचं राजकीय शिक्षण मात्र जोरात चाललंय. पहिल्यांदा टीव्हीवर 'कमला' ऐकून तिने विचारलं, "म्हणजे ही कमळवाली का?" नाही म्हटलं, यांचं चिन्ह गाढव. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "गाढव चिन्ह घेऊन कोण उभं राहतं रे? आणि समोरच्याचं?" हत्ती. "तो तर मायावतींचा." इथून पुढे पक्षांची धोरणं समजावण्यात अर्थ नव्हता. देवांची बाजू तिला पटकन कळली. तमिळनाडूत तुळसेंद्रपुरमला, म्हणजे कमलाबाईंच्या आजोबांच्या गावी, देवळात पूजा चालू आहेत. तिकडे आंध्रात ट्रम्पच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या, म्हणजे व्हान्सच्या, बायकोचं मूळ गाव, तिथेही पूजा. "देवाने कुणाचं ऐकायचं मग?" ती म्हणाली. मी म्हटलं, देवालाही पेनसिल्वेनियाच बघावं लागेल.

आमच्या काउंटीत २० ऑक्टोबरला जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फीस्टरव्हिल इथल्या मॅकडोनल्ड्समध्ये ट्रम्प ॲप्रन घालून बटाट्याचे काप तळायला उभे राहिले. कॉलेजात असताना आपण मॅकडोनल्ड्समध्ये काम केलं असं कमलाबाई सांगतात, ते खोटं आहे हे सिद्ध करायला. (स्वतः तळल्याने दुसऱ्याने तळलं नव्हतं हे कसं सिद्ध होतं, ते विचारू नका.) दुकान त्या वेळी लोकांसाठी बंद होतं. खिडकीवर गाडी घेऊन आलेली गिऱ्हाइकं आधीच निवडलेली. आणि तो दिवस होता कमलाबाईंचा साठावा वाढदिवस. आमच्याकडे पुढारी निवडणुकीत दलिताच्या घरी जेवतो तेव्हा निदान ते घर तरी त्याचं स्वतःचं असतं.

मग दहा दिवसांत कचरा आला. ट्रम्पच्या न्यूयॉर्कच्या सभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्याच बेटाला, तरंगतं कचऱ्याचं बेट म्हटलं. आमच्या इथून तासाभरावर ॲलनटाउन आहे, तिथली निम्म्याहून जास्त वस्ती लॅटिनो, त्यात प्वेर्तो रिकोची माणसं भरपूर, आणि त्यांना मत आहे. हा घाव भरून निघायच्या आत बायडनसाहेबांनी स्वतःच्या बाजूने कचरा टाकला. 'कचरा' म्हणाले ते ट्रम्पच्या समर्थकांना की त्या विनोदवीराला, यावर दोन दिवस चर्चा. व्हाइट हाउसने 'supporters' मधल्या शेवटच्या s च्या आधी, डोक्यावर स्वल्पचिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) आहे असं धरून अर्थ लावला. इकडे ट्रम्प नारिंगी जाकीट घालून विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसले. आईने विचारलं, "घंटागाडीत का बसलाय हा?" मला एकही सभ्य उत्तर सुचलं नाही. आमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीतसुद्धा उमेदवार घंटागाडी आणण्याचं आश्वासन देतो, त्यात बसत नाही.

पैशाचं तर बोलायलाच नको. कमलाबाईंनी तीन महिन्यांत शंभर कोटी डॉलरच्या वर गोळा केले. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. ती पाळली जाते असं मी म्हणत नाही, पण लाज म्हणून एक आकडा तरी कागदावर आहे. इथे आकडाच नाही. ट्रम्पच्या बाजूने उतरलेल्या इलॉन मस्कसाहेबांनी आमच्या राज्यात येऊन जाहीर केलं : एका अर्जावर सही करा, रोज एकाला दहा लाख डॉलर. अट अशी की नोंदणीकृत मतदार हवा. बायको म्हणाली, ही तर लाडकी बहीण. मी म्हटलं, तिथे महिन्याला १,५०० सगळ्यांना मिळतात, इथे एकालाच. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी ही बेकायदा लॉटरी आहे म्हणून खटला भरला. आज कोर्टात मस्कच्याच वकिलांनी सांगितलं की विजेते नशिबाने निवडलेलेच नव्हते, म्हणून ही लॉटरी नाही. म्हणजे ज्यांनी सही करून रोज देवाला हात जोडले, त्यांनी काय ते समजून घ्यावं. कोर्टाने योजना चालू ठेवायला परवानगी दिली. तशीही ती उद्या संपतेच आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १३ जुलैला याच राज्यात, बटलरच्या सभेत, ट्रम्पवर गोळ्या झाडल्या गेल्या. कानाला चाटून गेली. सभेला आलेला एक माणूस घरच्यांना वाचवताना मेला. तो फोटो, ती वर केलेली मूठ, टीशर्टवर यायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मेलेल्या माणसाचं नाव आमच्या गटावर त्या दिवशी कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

आज सकाळी धाकट्या भावाचा कराडहून फोन आला. महाराष्ट्रात आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता, दुपारी तीनपर्यंत बंडखोरांच्या मनधरण्या चालल्या होत्या. तो सगळं रंगवून सांगत होता. मध्येच म्हणाला, "तुमच्याकडे अर्ज मागे घ्यायची मुदत कधी असते?" मी म्हटलं, आमच्याकडे २१ जुलैला एकाने घेतला. बायडनसाहेबांचं एकदा वादविवादात वाक्य हरवलं, तर सगळा पक्ष तीन आठवडे त्यांची मनधरणी करत होता. आणि तिसरे उमेदवार रॉबर्ट केनेडी. त्यांनी ऑगस्टमध्ये माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबा दिला, पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवरून नाव काही निघेना. भाऊ खूश झाला. "म्हणजे तिथंपण आहे हे!" त्याला अमेरिकेबद्दल इतकं आपलेपण पहिल्यांदाच वाटलं असावं.

फरक एकच. तिकडे मतदानाच्या ४८ तास आधी भोंगे बंद होतात. इथे हे लिहिताना फोन शेजारी थरथरतोय. काल दिवसभरात ३१ संदेश मोजले. "मी विनवणी करतोय." "आम्ही तुमच्यावर नाराज आहोत." "ही शेवटची संधी", दर दोन तासांनी. एका पत्रकात तर मी आणि माझे शेजारी मागच्या निवडणुकांना मत द्यायला गेलो होतो की नाही याचं प्रगतिपुस्तक होतं. कुणाला दिलं ते गुप्त, पण दिलं की नाही ही इथे जाहीर नोंद असते. शेजारच्या काकांनी २०२२ ला दांडी मारलेली मला कळली. आता ते लॉनवर दोन्हीपैकी एका पक्षाची चौदा फलकं लावून बसलेत त्याची वेगळीच मजा वाटते.

बायकोने टपालाने मत दिलंय. तेही एक कर्मकांड आहे : मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेर सही आणि हाताने तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. तारखेत इकडचा महिना आधी, आपला दिवस आधी. आम्ही दोघांनी ते पाकीट दिव्याखाली धरून तीनदा तपासलं, पत्रिका जुळवतात तसं. ही पाकिटं उद्या सकाळी सातच्या आत उघडायची नाहीत असा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे निकाल कधी लागेल याची वाट बघत बसू नका. मागच्या वेळी मंगळवारचं मतदान शनिवारी कळलं होतं. मंगळवारच का, तर १८४५ साली शेतकऱ्याला रविवारी चर्चमध्ये जायचं असे आणि घोडागाडीने मतदानाच्या गावी पोचायला दिवस लागे. घोडे गेले, मंगळवार राहिला. देशभराची सुट्टी नाही.

कुणाला देणार हे विचारू नका. गटावरून या आठवड्यात दोघे बाहेर पडलेत, त्यातला एक माझ्या घरी भाऊबीजेला यायचा होता.

आज दोघेही पिट्सबर्गमध्ये आहेत, कमलाबाईंच्या तर दिवसभर आमच्याच राज्यात सभा. बुधवारी टपालाच्या पेटीत पुन्हा विजेचं बिल आणि पिझ्झाची कुपनं येतील. उद्या सात वाजता शाळेत केंद्र उघडतं. आई सोबत येणार म्हणते. मत दिल्यावर बोटाला शाई लावत नाहीत, एक गोल स्टिकर देतात, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.