जांभळा नमुना

"तुमच्याकडे जांभळं धुताय का?"

दारात खालचे काका. हातात स्टीलची वाटी, वाटीत तळाशी जांभळट पाणी. आणि इकडे मी: डोक्यावर फेस, अंगावर गाऊन, मानेवरून ओघळ.

केसांत सोनेरी हायलाइट्स करून घेतले की हे भोग आलेच. आपला काळा केस ब्लीचने एकदम सोनेरी होत नाही. तांबडा, केशरी, पिवळा अशी वळणं घेत जातो. पार्लरवाली त्यावर टोनर चढवून पिवळेपणा दडवते. काही आठवड्यांत टोनर धुऊन जातो आणि खालचा पितळी रंग डोकं वर काढतो. त्यात आमचं बोअरचं जड पाणी. मग घरी जांभळा शाम्पू. रंगचक्रात जांभळा पिवळ्याच्या समोर बसतो, म्हणून त्याला मारतो. आजी धोतराला नीळ द्यायची, तोच प्रकार. फक्त या बाटलीच्या किमतीत आजोबांचं धोतरसुद्धा आलं असतं. केस केशरीकडे झुकत असतील तर जांभळा नाही, निळा शाम्पू लागतो. हे पैसे घेताना कुणी सांगत नाही.

पण खरा खेळ घड्याळाचा. दोन-तीन मिनिटं, फार तर पाच. जास्त ठेवला की ब्लीचने कोरडी पडलेली टोकं आधी रंग ओढतात.

"काका, मी डोकं धुऊन येते, मग बोलू."

"थांब. आधी हे बघ." त्यांनी वाटी ट्यूबलाइटखाली धरली, हलवली, हुंगली. "सुवासिक आहे. म्हणजे ड्रेनेज नाही."

"काका, केस..."

"मी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. गळती कुठून येते हे शोधायला आम्ही पाण्यात रंग सोडायचो. तुझा प्लंबर म्हणाला होता ना, वरून येत नाही, भिंतीचा दमटपणा आहे? आता बोलाव त्याला!"

एवढं बोलून त्यांनी जिन्यातूनच सेक्रेटरींना हाक मारली. सेक्रेटरी आले. त्यांच्या मागून काकू आल्या, माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, पांढरे झाले म्हणून लावतेस का?" मग तिघांनी माझ्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपभोवती वाकून परिषद भरवली. नळ माझा, बादली माझी, आणि आत मला जागा नाही. काका तर बोटाने टाइल्सचे सांधे खरवडत होते, चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद.

ते गेले तेव्हा टोकं लव्हेंडर झाली होती. ऑफिसात एकाने विचारलं, "मुद्दाम केलंयस?" साध्या शाम्पूने दोन-चारदा धुतलं की उतरतो म्हणतात. उतरतोय, हळूहळू.

वॉटरप्रूफिंगचा खर्च अर्थातच माझ्या माथी. त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ऐकतंय कोण? बाटली मात्र सेक्रेटरींनी "सोसायटीच्या कामासाठी" नेली. सी विंगमध्येही कुणाच्या तरी छताला ओल आहे. परवा मागायला गेले तर म्हणाले, "वहिनी, अजून दोन बाथरूम राहिलीत. आणि पुढच्या वेळी जरा मोठी बाटली आणा."